बर्लिनच्या भिंतीपलीकडे: पलायनाचे सिनेमे (चर्चा, शिफारशी, थोडे स्पॉयलर्स)

नंदादीप_पुणे

बर्लिनच्या भिंतीवरचे सिनेमे म्हटलं की बहुतेक जण पहिलं नाव 'ब्रिज ऑफ स्पाइज'चं घेतात. तो चांगलाच आहे, पण त्यात पळून जाणारी माणसं कडेकडेने दिसतात, मुख्य गोष्ट वकिलाची आणि हेरांच्या अदलाबदलीची. मला इथे बोलायचंय ते खुद्द पलायनावरच्या सिनेमांबद्दल, म्हणजे बोगदा खणून, रेल्वे घुसवून, गटारातून, जसं जमेल तसं त्या शहराच्या एका अर्ध्यातून दुसऱ्या अर्ध्यात गेलेल्या माणसांबद्दल.

ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १३ ऑगस्ट १९६१, रविवार. पहाट व्हायच्या आत पूर्व जर्मनीने काटेरी तारा टाकून सीमा बंद केली, मग हळूहळू विटा आल्या, काँक्रीट आलं, मागची दुसरी भिंत, मधला मोकळा पट्टा, टेहळणीचे मनोरे, कुत्रे. पश्चिम बर्लिन हे चारी बाजूंनी पूर्व जर्मनीने वेढलेलं होतं हे लक्षात ठेवा, नाहीतर अर्धे सिनेमे कळत नाहीत. शहराच्या मधोमध एक सरळ रेघ मारली होती असं नाही, पश्चिम बर्लिनभोवती सुमारे १५५ किमीचा वेढा होता. त्याआधीच्या बारा वर्षांत २५ लाखांहून जास्त माणसं पूर्व जर्मनी सोडून गेली होती आणि त्यातले डॉक्टर, इंजिनिअर, तरुण कामगार बघितले तर ते सरकार का घाबरलं ते समजतं. माफ करता येत नाही, पण समजतं.

आता सिनेमा. 'डेर टुनेल' (२००१, दिग्दर्शक रोलांड सुझो रिश्टर). मूळ टीव्हीसाठी दोन भागात केलेला, लांबच लांब आहे, पण कंटाळा येत नाही. हॅरी मेल्शियोर नावाचा जलतरणपटू बनावट पासपोर्टवर पश्चिमेत येतो, बहीण मागे राहते, तिला आणायला बोगदा खणायचा. हे पात्र हासो हेर्शेल या खऱ्या माणसावर बेतलंय. हेर्शेलने बहीण बाहेर येईपर्यंत दाढी करणार नाही असा पण केला होता आणि तो त्याने पाळला.

मला हा सिनेमा का आवडतो तर त्यात काम दिसतं. पलायनाच्या सिनेमात सहसा शेवटची दहा मिनिटं धावपळ असते आणि आधीचं सगळं भराभर उरकलेलं असतं, इथे उलट आहे. माती खणणं, ती बाहेर काढणं, ती लपवायची कुठे, पाणी शिरलं तर काय, हवा पुरत नाही, कोण किती वेळ खाली राहणार, आणि या सगळ्यात रोज भेटणाऱ्यातला कोण फितूर असेल याची भीती. खऱ्या बोगद्यातही हे असंच होतं. मे १९६२ ला सुरुवात, सप्टेंबरमध्ये शेवट, लांबी साधारण १३५ मीटर, बेर्नाउअर श्ट्रासवरच्या एका कारखान्याच्या तळघरातून पलीकडच्या इमारतीच्या तळघरापर्यंत. बर्लिनची चिकणमाती इतकी घट्ट की मुलं पाठीवर झोपून फावडं पायाने ढकलायची. पाईप फुटून बोगद्यात पाणी भरलं तेव्हा महिनोन्‌महिन्यांचं काम वाया जातंय असं वाटलं होतं. १४ आणि १५ सप्टेंबरला २९ माणसं त्यातून बाहेर आली, म्हणून त्याला टनेल २९ म्हणतात.

आणि आता मुख्य मुद्दा. या बोगद्याचं खणकाम चालू असतानाच त्याचं शूटिंग झालंय. अमेरिकेच्या एनबीसी या टीव्ही कंपनीने खणणाऱ्यांना पैसे दिले आणि बदल्यात कॅमेरा आत नेला. रूवेन फ्रँक निर्माता. 'द टनेल' नावाची ही डॉक्युमेंटरी १० डिसेंबर १९६२ ला दाखवली गेली, त्याआधी अमेरिकन परराष्ट्र खात्याने ती दाखवू नका म्हणून दबाव आणला होता. क्युबाचं क्षेपणास्त्र प्रकरण नुकतंच होऊन गेलेलं. पुढे तिला एमी हा टीव्हीचा मोठा पुरस्कार मिळाला. शेवटी त्या बोगद्यातून एक बाई चिखलाने माखलेली वर येते, शिडीपाशी क्षणभर तिचा तोल जातो, तो शॉट बघताना मला कुठलाही अभिनेता आठवला नाही.

तर तुम्हाला आवडलेले, न आवडलेले, सगळे सांगा. प्रश्न एकच ठेवतोय: पलायनाचा सिनेमा नक्की कशाबद्दल असायला हवा? निसटण्याबद्दल की त्याची किंमत कोणी मोजली त्याबद्दल?

---

मृण्मयी_के

मस्त धागा! 'डेर टुनेल' आम्हाला जर्मनच्या क्लासला बाईंनी दाखवला होता, मॅक्सम्युलर भवनात. फ्रिट्झी आणि तिचा होणारा नवरा भिंतीच्या दोन बाजूंना असतात तो सीन आठवला की अजून गलबलतं. तो पळायचा प्रयत्न करताना गोळी लागून पलीकडे पडलेला आणि ती अलीकडून त्याच्याशी बोलत राहते. काही करता येत नाही. नुसतं बोलायचं.

तो सीन लोकांना फिल्मी वाटतो पण मुळात असं प्रत्यक्ष झालंय. १७ ऑगस्ट १९६२ ला पेटर फेश्टर हा अठरा वर्षांचा मुलगा चेकपॉइंट चार्ली या सीमेवरच्या नाक्याजवळ भिंतीपाशी गोळी लागून पडला आणि जवळपास तासभर तिथेच रक्त वाहून गेला, दोन्ही बाजूंनी लोक बघत होते, कोणी आत जायला तयार नव्हतं. तो मदत मागत होता हे लोकांनी ऐकलंय. त्यामुळे सिनेमात तो सीन आला की मी 'हे अतिरंजित आहे' म्हणणाऱ्यांशी भांडते.

माझ्याकडून 'बलून' (२०१८). तांत्रिकदृष्ट्या हा बर्लिनचा नाही, थुरिंगियातल्या प्योसनेक गावातल्या दोन कुटुंबांची गोष्ट आहे, पण भिंतीच्या यादीत तो येणारच. १६ सप्टेंबर १९७९ ला स्ट्रेल्झिक आणि वेट्झेल अशी दोन कुटुंबं, एकूण आठ माणसं त्यात मुलंही, घरी शिवलेल्या गरम हवेच्या फुग्यातून सीमेवरून उडाली आणि बव्हेरियातल्या नायलाजवळ उतरली. हवेत जेमतेम अर्धा तास. डिस्नेने यावरच 'नाइट क्रॉसिंग' (१९८२) काढला होता, त्यात जॉन हर्ट आणि बो ब्रिजेस. तो मला फिका वाटतो, सगळे इंग्रजी बोलतात आणि भीती कुठेच अंगावर येत नाही. मिशाएल 'बुली' हेर्बिगचा जर्मन सिनेमा त्याच्या चारपट चांगला.

मृण्मयी_के (पुढे)

लिहायचं राहिलं, 'बलून'मधला कापडाचा भाग बारकाईने बघा. फुग्याला लागणारं कापड एका दुकानातून एकदम घेतलं तर संशय येणार, म्हणून वेगवेगळ्या शहरांतल्या दुकानांतून थोडं थोडं घ्यायचं आणि प्रत्येक ठिकाणी वेगळं कारण सांगायचं. पहिला प्रयत्न जुलै १९७९ मध्ये सीमेच्या अगदी जवळ जाऊन फसला, फुगा मागे टाकून त्यांना घरी परतावं लागलं, आणि तो फुगा श्टाझीला, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांना, सापडला. म्हणजे तिथून पुढे पोलीस त्यांच्या मागे आणि हे रात्र-रात्र शिवणयंत्रावर. हेच सगळं त्या सिनेमाचं बळ आहे. फुगा उडतो तेव्हा सुटकेचा श्वास टाकला मी, पण खरी धडधड शिवणाच्या सीन्सना झाली.

---

स्प्रेकाठ

बर्लिनमध्ये नोकरीनिमित्त राहतोय. धागा वाचून राहवलं नाही.

ज्या बेर्नाउअर श्ट्रासचा उल्लेख वर आलाय ती मला ऑफिसच्या वाटेवर लागते. तिथे विचित्र प्रकार असा होता की घरांची समोरची भिंत हीच सीमा होती. घर पूर्वेत, समोरचा फुटपाथ पश्चिमेत. ऑगस्ट ६१ मध्ये लोक खिडकीतून उड्या मारत होते, खाली पश्चिम बर्लिनचे अग्निशमनवाले जाळी धरून उभे. इडा झीकमान नावाच्या बाईंनी २२ ऑगस्टला तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून आधी गाद्या-गिरद्या टाकल्या आणि मग स्वतः उडी मारली, त्या गेल्या. भिंतीपायी मेलेल्यांत त्यांचं नाव पहिलं. त्यानंतर सरकारने खिडक्या विटांनी बुजवल्या आणि घरं रिकामी केली.

आता तिथे स्मारक आहे, दीडेक किलोमीटर लांब पसरलेलं. जिथे भिंत होती तिथे गंजलेल्या लोखंडी सळ्या उभ्या केल्यात, त्यामधून चालता येतं. जमिनीवर बोगद्यांच्या मार्गाच्या खुणा आखल्यात, आडव्या पट्ट्या, त्यावर वर्ष. आपण ज्या गवतावरून चालतोय त्याच्या खालून काही मीटरवर माणसं पोटावर सरपटत गेली हे नकाशात वाचणं वेगळं आणि त्या रेघांवर उभं राहणं वेगळं. एकाच रस्त्याखाली किती बोगदे होते ते बघितल्यावर मुलगा म्हणाला की वरून चालणाऱ्या गार्डना आवाज येत नसेल का. यायचा. म्हणूनच शेवटी-शेवटी जमिनीत ऐकायची यंत्रं बसवली, काही बोगदे खणून उद्ध्वस्त केले.

'डेर टुनेल'मधला रस्ता आणि आजचा रस्ता जुळवायचा प्रयत्न करू नका, ती घरंच आता नाहीत.

---

अबोली_डोंबिवली

नंदादीप, तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर: किंमत कोणी मोजली त्याबद्दल. आणि माझा आक्षेप हाच आहे की बहुतेक पलायनपट तिथेच संपतात जिथे गोष्ट खरी सुरू होते. माणूस पलीकडे गेला, मिठी मारली, संगीत वाजलं, नावं सुरू. पण मागे राहिलेल्या आईचं काय? भावाचं? त्या फुग्यातल्या कुटुंबांच्या नातेवाईकांना नंतर अटक झाली, मृण्मयी, हे त्या सिनेमात किती येतं सांगा.

माझ्या यादीत वर 'दास फरश्प्रेखन' (१९९४), मार्गारेटे फॉन ट्रोट्टाचा. इंग्रजीत 'द प्रॉमिस'. भिंत बांधल्यानंतर लगेच काही तरुण गटाराच्या झाकणातून उतरून निसटतात, त्यात सोफी जाते, कोनराड अडखळतो आणि मागे राहतो. बस. एवढ्या एका गोष्टीवर पुढची २८ वर्षं. ती पश्चिमेत, तो पूर्वेत. १९६८ मध्ये प्रागला भेट होते आणि त्याच वेळी रशियन रणगाडे येतात. यात पलायन दोन-चार मिनिटांचं आहे आणि बाकी सगळं न गेलेल्या माणसाबद्दल आणि न झालेल्या संसाराबद्दल.

दुसरा 'बार्बरा' (२०१२, क्रिस्टियान पेट्झोल्ड). नीना होस. बर्लिनमधली डॉक्टर, देश सोडायची परवानगी मागितली म्हणून शिक्षा म्हणून तिला बाल्टिक किनाऱ्याजवळच्या गावात टाकलंय. समुद्रातून निसटायचं ठरलंय. पुढचं सांगत नाही. त्यात श्टाझीचे लोक येऊन घराची झडती घेतात, तिचीही, ते कसं दाखवलंय बघा. कोणी ओरडत नाही, कोणी मारत नाही, नुसतं शांतपणे चालू असतं. मला तो सिनेमा पुन्हा पुन्हा बघावासा वाटतो.

आणि 'वेस्टन' (२०१३, क्रिस्टियान श्वोखो). हा तर पलायनानंतरचाच आहे! १९७८ साली एक बाई मुलाला घेऊन पूर्वेतून पश्चिम बर्लिनमध्ये येते आणि मारिएनफेल्डच्या निर्वासित छावणीत अडकते. कागदपत्रं, शिक्के, डॉक्टर, प्रश्न. अमेरिकन तिची चौकशी करतात, ती श्टाझीची हेर तर नाही ना म्हणून. ज्यांना वाटतं भिंत ओलांडली की गोष्ट संपली त्यांनी हा बघावाच.

---

नंदादीप_पुणे

अबोली, 'दास फरश्प्रेखन' मी बघितलेला नाही, आज रात्री शोधतो. 'वेस्टन'चं नाव पहिल्यांदाच ऐकतोय, इतका जवळचा विषय असून.

तुमचा मुद्दा पटला आणि तरी 'डेर टुनेल'ची बाजू मांडतो. त्यात बोगदा खणणाऱ्या माथिसची बायको कारोला गटारातून निसटताना मागे राहते आणि मग श्टाझी तिला धरून फितुरीला लावते. म्हणजे मागे राहिलेल्यांचं काय होतं हे तिथे थेट कथेच्या मध्यात आहे. तिच्यावर दया येते आणि तिच्यामुळे बाकीचे मरू शकतात, दोन्ही एकाच वेळी. पलायनाच्या थरारासाठी आलेल्या प्रेक्षकाला दिग्दर्शकाने हे गिळायला लावलंय, हे मला मोठं काम वाटतं. कारण फितूर खरंच होते. टनेल २९ च्या काही आठवडे आधी, ऑगस्ट १९६२ मध्ये, ट्रेप्टो भागातला दुसरा एक बोगदा अशाच फितुरीमुळे फसला, पलीकडच्या घरात श्टाझी दबा धरून बसलेली आणि पळून जाण्यासाठी आलेली कितीतरी माणसं अटकेत गेली. टनेल २९ वाल्यांपैकी काही जण त्या दिवशी तिथे होते. तरीही ते परत खणायला गेले, यावर मी फार विचार करतो.

---

लोहमार्ग

कोणी अजून रेल्वेच्या सिनेमाचा विषय काढला नाही म्हणून मी लिहितो.

५ डिसेंबर १९६१. हॅरी डेटरलिंग नावाच्या इंजिन ड्रायव्हरने पूर्वेच्या आल्ब्रेख्ट्सहोफ स्टेशनवर गाडी थांबवलीच नाही, वेग वाढवला आणि सरळ पश्चिम बर्लिनच्या श्पांडाऊमध्ये नेली. त्याची बायको-मुलं आणि ठरवून बसलेले काही जण गाडीत होते आणि बाकीच्यांना याची कल्पनाच नव्हती. काही प्रवासी, ज्यांना जायचं नव्हतं, ते परत पूर्वेला गेले. त्या लाइनचे रूळ लगेच उखडले. यावर 'दुर्शब्रुख लोक २३४' (१९६३, फ्रांक विस्बार) नावाचा सिनेमा झाला. कृष्णधवल, फार मोठं बजेट नाही, पण इंजिनाच्या केबिनमधला सगळा भाग मस्त, कोळसा, वाफ, घड्याळाकडे बघणं. घटनेनंतर दोन वर्षांच्या आत सिनेमा, म्हणजे भिंत अजून नवीनच होती, शेवट कसा होणार कोणाला माहीत नव्हतं. तो ताजेपणा २००० नंतरच्या सिनेमात येऊच शकत नाही.

त्याच काळातला अजून एक, रॉबर्ट सिओदमाकचा 'एस्केप फ्रॉम ईस्ट बर्लिन' (१९६२), त्यालाच 'टनेल २८' पण म्हणतात, जानेवारी ६२ मध्ये २८ जण निसटले त्या बोगद्यावरून. त्या घटनेला वर्षही झालं नव्हतं आणि सिनेमा थिएटरात! अभिनय जुन्या पद्धतीचा आहे, पण तळघरातले सीन घुसमटवून टाकतात.

---

प्रशांत_वि

एक बाजू कोणी बोलत नाहीये. बोगदे खणणाऱ्यांकडे पिस्तुलं होती.

टनेल ५७ बद्दल वाचा. ऑक्टोबर १९६४, पुन्हा बेर्नाउअर श्ट्रासखालूनच, पूर्वेकडे श्ट्रेलिट्झर श्ट्रासवरच्या घराच्या मागच्या अंगणातल्या संडासात तोंड उघडलं. परवलीचा शब्द 'टोकियो'. दोन रात्रींत ५७ माणसं निघाली, एवढे एकाच बोगद्यातून कधीच निघाले नाहीत. (खणणाऱ्यांमधला राइनहार्ड फुरर पुढे १९८५ मध्ये अंतराळात गेला, ते वेगळंच.) दुसऱ्या रात्री गार्ड आले, झटापट झाली, गोळीबार झाला आणि एगोन शुल्ट्झ हा पूर्वेचा तरुण सैनिक मेला. पूर्व जर्मनीने त्याला हुतात्मा केलं, शाळांना, रस्त्यांना त्याचं नाव. पश्चिमेच्या मदतनीसांना खुनी म्हटलं. एकीकरणानंतर फाइली उघडल्या तेव्हा कळलं की त्याचा जीव घेणारी गोळी त्याच्याच साथीदाराच्या कलाश्निकोव्हची होती आणि श्टाझीला हे तेव्हापासून माहीत होतं. ज्या विद्यार्थ्याने त्याच्यावर पिस्तूल झाडलं होतं तो मात्र आपण माणूस मारला या समजुतीतच जगला आणि हे सत्य कळायच्या आत वारला.

मला हा सिनेमा बघायचाय. ५७ माणसं सुटली याचा आनंद आहेच, पण एक एकवीस वर्षांचा पोरगा मेला आणि एका दुसऱ्या पोराचं आयुष्य खोट्यावर गेलं, तेही त्याच गोष्टीत आहे. पलायनपटात गार्ड हा नेहमी हेल्मेट घातलेली सावली असतो. का?

---

अबोली_डोंबिवली

प्रशांत, एकदम मान्य. मात्र गार्डबद्दल सहानुभूती दाखवताना तराजू उलटा होऊ नये एवढंच. भिंतीवर किमान १४० माणसं मेली, त्यात पळून जाणारे होते, न पळणारेही होते, गार्डही होते. गोळी घालायचा आदेश वरून होता, आणि पळून जाऊ इच्छिणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली की बक्षीस मिळायचं.

आणि गार्डचा सिनेमा म्हणाल तर पहिला गार्ड तर भिंत बांधल्याच्या तिसऱ्याच दिवशी स्वतः पळाला! १५ ऑगस्ट १९६१, कोनराड शुमान, बेर्नाउअर श्ट्रासच्या कोपऱ्यावर काटेरी तारेवरून उडी मारतानाचा फोटो, पेटर लायबिंगने काढलेला, सगळ्यांनी बघितलाय. तो फोटो जगभर गेला आणि त्या माणसाने पुढचं आयुष्य त्या एका उडीच्या ओझ्याखाली काढलं, १९९८ मध्ये आत्महत्या केली. पूर्वेतल्या घरच्यांपासून, गावापासून तो तुटला तो तुटलाच. मी वर म्हटलं ना, गोष्ट उडीनंतर सुरू होते.

---

रंकाळा

मी जरा वेगळ्या वाटेने येतो. आमच्या वडिलांचा कोल्हापुरात फोटो स्टुडिओ होता आणि त्या काळी कृष्णधवल रोल म्हटला की ओर्वो. परदेशी चलनाची टंचाई, पूर्व जर्मनीशी रुपयांत व्यवहार, त्यामुळे ओर्वो सहज मिळायचा, आपल्याकडच्या कितीतरी सिनेमांनीही तोच वापरला. लहानपणी त्या डब्यांवर पूर्व जर्मनी वाचलेलं. त्यामुळे मला त्या देशाचं पहिलं चित्र चांगलं होतं, डब्यातलं. श्टाझी वगैरे नंतर.

म्हणून सुचवतो, पूर्वेने स्वतः काढलेला सिनेमाही बघा. डेफा म्हणजे तिथला सरकारी स्टुडिओ, त्यांचा 'डेर गेटाइल्टे हिमेल' (१९६४), दिग्दर्शक कोनराड वोल्फ, क्रिस्टा वोल्फच्या कादंबरीवरून. रीटाचा मित्र मानफ्रेड भिंत व्हायच्या आधी पश्चिम बर्लिनला निघून जातो, ती त्याला भेटायला जाते आणि परत येते. हो, परत येते. प्रचारपट म्हणून सोडून देऊ नका, चित्रण सुरेख आहे आणि ती का परतते हे कुठेही घोषणेसारखं सांगत नाही. राहायचं ठरवलेली, राहणं भाग पडलेली माणसं लाखांनी होती आणि त्यांचे सिनेमे आपल्याकडे कोणी बघत नाही.

---

मृण्मयी_के

रंकाळा दादा, खूप छान लिहिलंत. ओर्वोचं माहीतच नव्हतं.

अबोलीताई, 'बलून'बद्दल विचारलंत ना, नातेवाईकांचं त्यात फार कमी येतं. ते खरंच कमी पडलं. पण शेजारी श्टाझीचा अधिकारी राहतो आणि त्याच्या मुलीवर या घरातल्या मुलाचं प्रेम, तिकडून थोडी ती बाजू दाखवायचा प्रयत्न केलाय, रोज जिन्यात भेटणाऱ्या माणसाशी खोटं वागायचं कसं ते.

आणि 'द लाइव्ज ऑफ अदर्स'चा (२००६) विषय कोणीच कसा काढला नाही! त्यात एक पलायन आहे जे होतच नाही. घरात चोरून ऐकणारी यंत्रं आहेत का ते तपासायला त्यातला लेखक आणि त्याचे मित्र मुद्दाम घरात बोलतात की अमुक माणसाला गाडीत लपवून हाइनरिश हाइन श्ट्रासच्या नाक्यावरून पलीकडे नेतोय. नाक्यावर गाडी तपासली नाही म्हणजे घर सुरक्षित. प्रत्यक्षात ऐकणारा श्टाझीचा अधिकारी वीसलर सगळं ऐकतो, फोन हातात घेतो आणि सांगत नाही. माझ्या मते त्या सिनेमातली सगळ्यात मोठी घटना ती. एक माणूस फोन करत नाही.

---

स्प्रेकाठ

गाडीत लपवून नेणं यावरून. खरं तर बोगदे आणि फुगे हे अपवादच. भिंत असताना बर्लिनमधून सुमारे ५ हजार माणसं निसटली आणि सगळे बोगदे मिळून त्यातले काही शेच. बाकी सगळे बनावट पासपोर्ट, गाडीच्या डिकीत, सीटखाली, परदेशी राजदूताच्या गाडीत. मे १९६३ मध्ये एका ऑस्ट्रियन माणसाने बुटकी स्पोर्ट्स कार घेतली, काच काढून टाकली आणि चेकपॉइंट चार्लीच्या आडव्या दांड्याखालून डोकं वाकवून सुसाट नेली, होणारी बायको आणि सासू आत. हे सिनेमात घातलं तर लोक म्हणतील काहीही दाखवतात.

आणि याहून कितीतरी जास्त माणसं कशी सुटली माहीत आहे का, विकत. पश्चिम जर्मनीने १९६३ पासून पूर्वेच्या तुरुंगातले राजकीय कैदी पैसे आणि माल देऊन सोडवले, एकूण ३३ हजारांहून जास्त. त्यात पळताना पकडलेले कितीतरी. बसमध्ये बसवून सीमेपलीकडे. बोगदा नाही, गोळी नाही, एक वकील आणि एक यादी. यावर जोरदार सिनेमा होऊ शकतो, वकिलाचं नाव वोल्फगांग फोगेल, 'ब्रिज ऑफ स्पाइज'मध्ये तो आहे पण तिथे छोटासा.

---

प्रशांत_वि

फोगेलवर मालिका हवी. हा माणूस दोन्ही बाजूंना विश्वासू वाटायचा, मर्सिडीजमधून फिरायचा आणि त्याच्या टेबलावर माणसांच्या किमती ठरायच्या. पैशाचा विषय निघालाच आहे तर नंदादीप, एनबीसीने दिलेल्या पैशाबद्दल तुमचं मत काय? तेव्हा यावर गदारोळ झाला होता ना की पत्रकारांनी पैसे देऊन गोष्ट घडवली.

---

नंदादीप_पुणे

प्रशांत, ५० हजार डॉलरच्या आसपास रक्कम सांगतात. माझं मत स्पष्ट आहे. पैसे नसते तर लाकूड नव्हतं, पंप नव्हता, बोगदा अर्ध्यात बसला असता. काही खणणाऱ्यांना या सौद्याची कल्पनाच नव्हती आणि नंतर कळल्यावर ते चिडले, आणि त्यांची चीड मला न्याय्य वाटते, कारण जीव त्यांचा धोक्यात आणि सही दुसऱ्याची. कॅमेऱ्यात ज्यांचे चेहरे आले त्यांच्या पूर्वेतल्या नातेवाइकांचं काय, हा प्रश्नही होताच. तरी कॅमेरा आत होता म्हणून आज आपण ती माती बघतोय. दोन्ही खरं आहे आणि मी एकाच्या बदल्यात दुसरं सोडायला तयार नाही.

त्या डॉक्युमेंटरीत एक छोटी गोष्ट बघा. बोगदा तयार झाल्याचा निरोप पूर्वेतल्या लोकांना कसा द्यायचा? फोन नाही, पत्र नाही. मग खणणाऱ्यांपैकी एकाची मैत्रीण पश्चिम जर्मन पासपोर्टवर पूर्वेला गेली आणि ठरलेल्या बारमध्ये जाऊन काउंटरवर काडेपेटी मागितली. आत बसलेल्या, भेदरलेल्या लोकांसाठी तोच इशारा: निघा. एका काडेपेटीवर त्या लोकांचा जीव टांगलेला. हे कुठल्याही पटकथाकाराला सुचलं असतं तर त्याला स्वतःवरच शंका आली असती.

---

लोहमार्ग

चित्रीकरणाच्या जागांबद्दल थोडं. 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' (१९६५, रिचर्ड बर्टन), ज्याचा शेवट भिंतीवर होतो, त्याचं चेकपॉइंट चार्ली डब्लिनमध्ये उभं केलेलं. 'ब्रिज ऑफ स्पाइज'मधलं भिंत बांधतानाचं बर्लिन पोलंडच्या व्रोत्स्वावमध्ये, पण पूल मात्र खरा ग्लिनिके पूल. आणि बिली वाइल्डर १९६१ मध्ये 'वन, टू, थ्री' शूट करत होता बर्लिनमध्ये, मध्येच भिंत आली, ब्रांडेनबुर्ग गेटपाशी शूटिंग बंद, म्हणून म्युनिकला स्टुडिओत गेटच बांधावं लागलं. विनोदी सिनेमा, आणि त्यातल्या विनोदावर तेव्हा जर्मनीत कोणी हसलं नाही, १९८५ मध्ये पुन्हा लागला तेव्हा तुफान चालला.

---

शेवंता७८

सगळं वाचतेय, खूप माहितीपूर्ण. मुलगी बारा वर्षांची, शाळेत शीतयुद्ध आलंय. यातलं तिच्याबरोबर काय बघू?

---

अबोली_डोंबिवली

शेवंता, 'बलून' बघा, बिनधास्त. भीती आहे पण रक्त नाही, आणि मुलं कथेच्या मध्यात आहेत, तिच्या वयाचं कोणीतरी पडद्यावर दिसेल. आधी तिला नकाशा दाखवा, पश्चिम बर्लिन कुठे आहे तो, नाहीतर पहिल्याच अर्ध्या तासात शंभर प्रश्न येतील. 'डेर टुनेल' दोन-तीन वर्षांनी, त्यातला भिंतीपाशी मरणारा माणूस लहान वयात नको. आणि 'बलून' संपल्यावर तिला एवढं सांगा की त्या घरातल्या आजी-काका-आत्या मागे राहिल्या होत्या आणि पोलीस त्यांच्याकडे गेले. मुलं विचारतील पुढे काय झालं, तेव्हा बोला.

---

शेवंता७८

धन्यवाद ताई. नकाशाचं लक्षात ठेवते. रविवारी लावतो, बघून झालं की तिचे प्रश्न इथे टाकीन, उत्तरं द्या सगळे.